वहाणांची करकर

हौसाक्का चौगुलेला सिनेमात भूत व्हायला सांगितलं, तेव्हा तिनं एकच अट घातली. तोंडाला काळं फासायचं नाही.

“भूत असलं म्हणून काय झालं? चौगुल्यांच्या घरचं भूत आहे. केस विंचरून येईल.”

समोर दोन पोरी उभ्या होत्या. एक तिची नात राजनंदिनी, जिला आक्का राजी म्हणायची. दुसरी राजीची मैत्रीण मिस्बा मुल्लाणी. दोघी तालुक्याच्या कॉलेजात सिनेमा करायला शिकत होत्या. परीक्षेसाठी भयपट करायचा होता आणि जागा म्हणून आक्काचं बंद पडलेलं गुऱ्हाळ हवं होतं. उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी काहील अजून तिथं चुलवाणावर पडून होती. त्या काहिलीतून एक म्हातारी वर येते आणि गुळाच्या वासामागं येणाऱ्याला आत ओढते, अशी गोष्ट. नाव ‘काहिलीतली बाई’.

“आक्का, तुम्ही फक्त चालायचं,” मिस्बा म्हणाली. “बाकी आम्ही बघतो.”

“चालायचं कसं हे तू मला शिकीव आता.”

पण चालण्याचंच तर सगळं होतं. आक्काच्या पायात कापशीच्या घाटाच्या वहाणा असायच्या, जाड तळाच्या, आत बिया घालून शिवलेल्या, पावलागणिक करकरणाऱ्या. तसल्या वहाणा पुरुषांनी घालायच्या. नवरा गेला, गुऱ्हाळ हातात आलं, तेव्हा आक्कानं सगळ्यात आधी आपल्या मापाच्या वहाणा शिवून घेतल्या. आपण आलो हे लोकांना कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. फाटकाशी कर्र वाजलं की गडी विडी विझवायचे. घरात मुलगा उत्तम पाय खाली घ्यायचा, सून मंगल डोक्यावरचा पदर सारखा करायची. गुऱ्हाळ बंद पडलं, गडी गेले, शेतात बिनमाणसाचे ट्रॅक्टर फिरायला लागले, पण करकर तशीच राहिली. आक्काला तिचा अभिमान होता.

मिस्बानं माईक घेऊन त्या वहाणांचा आवाज भरून घेतला. आक्का चालली, थांबली, पुन्हा चालली.

“थांबलात ना, तिथं माझ्या अंगावर काटा आला,” मिस्बा म्हणाली.

“चालताना नाही आला?”

“चालताना कळतं ना, बाई कुठं आहे ते. आवाज थांबला की कळत नाही. मग माणूस मागं वळून बघतो. आवाजाला कुणी भीत नाही आक्का. आवाज नसला की भितात.”

“खुळी आहेस,” आक्का म्हणाली आणि जेवणाची पाटी आणायला घराकडं गेली.

पाटी घेऊन ती परत आली तेव्हा पोरी घोंगड्यावर बसून खिदळत होत्या. कर्र कर्र जवळ आली, तसं हसणं विरलं. आक्का दारात थांबली. हिरवं लुगडं, कमरेवर पाटी.

“काय झालं? का हसत होता?”

“काही नाही, आक्का,” राजी म्हणाली.

कॅमेरा तिवईवर तसाच चालू राहिला होता. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सिनेमा संपवायला पोरींना सगळा उन्हाळा लागणार होता. पण आधी ट्रेलर पाहिजे. तो कापायचं काम माणसानं करायचे दिवस गेले होते. कॉलेजात एक यंत्र होतं. पोरी त्याला कातर म्हणायच्या.

कातर काय करते, हे मिस्बानं आक्काला चुलीपुढं बसून सांगितलं. माणूस घाबरला की त्याचं अंग बोलतं. तळव्याला घाम येतो, घामातून वीज सोपी धावते. नाडी पळते, आणि हे सगळं त्याला स्वतःला कळायच्या आधी होतं. मनगटावरचा पट्टा हे मोजतो. असे पट्टे आता गावात ज्याच्या त्याच्या हातावर होते. साखर वाढली, दाब वाढला की डॉक्टरला आपोआप कळायचं. कातर त्या पट्ट्याशी बोलते. बघणाऱ्याला एक तुकडा दाखवते, अंगाची रेघ बघते. रेघ वर गेली तर तसलाच दुसरा तुकडा लावते, खाली आली तर तो टाकून देते. हे इतक्या झपाट्यानं होतं की बघणाऱ्याला वाटतं आपण एक सरळ ट्रेलर बघतोय. खरं म्हणजे तो त्याच्याचसाठी, त्याच्याच अंगानं, त्याच क्षणी कापलेला असतो.

“म्हणजे आमटी ढवळता ढवळता चाखून बघायची,” आक्का म्हणाली. “फक्त चाखणाऱ्याच्या जिभेवरच शिजवायची.”

“बरोब्बर! म्हणून ज्याला त्याला वेगळा ट्रेलर दिसतो. कुणी अंधाराला भितं, कुणी पाण्याला. आपण कातरीत सगळंच टाकायचं. चांगलं, वाईट, फुकट गेलेलं. निवडायचं काम तिचं.”

“आणि तिला गोष्ट कळते का, भुताची?”

“गोष्ट नाही कळत. रेघ तेवढी कळते.”

आक्काचं मनगट मोकळं होतं. डॉक्टरनं दोनतीनदा पट्टा पाठवला, तिनं तो म्हशीच्या गळ्यात बांधला. “माझी नाडी माझ्या नवऱ्यानं कधी धरली नाही. सरकार कोण लागून गेलं?”

ट्रेलर सगळ्यांच्या फोनवर आला तो रविवारी. दुपारपर्यंत गाव आक्काला बघून रस्ता सोडायला लागलं. दूध न्यायला येणारा शिवगोंडा फाटकातूनच ओरडला, “आक्का, तुमचे केस त्या काहिलीतून वर येताना बघितले आणि किटली सांडली माझी!” शेजारची पोरं तिला बघून पळाली. आक्का ओट्यावर बसून पान चघळत होती, अगदी सुखात.

“उत्तम, तुझ्यात बघू काय आलंय.”

“तेच की, आक्का. सगळ्यांचं तेच.”

“तेच कसं? ती मुल्लाणीची पोर म्हणाली ज्याला त्याला वेगळं. आण इकडं. पट्टा हातावरच राहू दे, आणि बघ.”

मुलगा पन्नाशीला आलेला, कानशिलं पिकलेली. त्यानं फोन आईपुढं धरला आणि स्वतः मान वाकडी करून बघायला लागला. काहील दिसली, पण क्षणभरच. केस, रक्त, चुलवाण, काहीच टिकलं नाही. मग उजेडाची दुपार आली. घोंगडं आलं. कर्र, कर्र. थांबलं. दारात हिरव्या लुगड्यातली आक्का, कमरेवर जेवणाची पाटी. ‘काय झालं?’ पुन्हा दार. पुन्हा कर्र. पुन्हा तीच, आणखी जवळून. ‘काय झालं? काय झालं?’

ट्रेलर संपला. उत्तमनं फोन खिशात घातला.

“मंगल, तुझा आण.”

मंगलच्या फोनवर काहील आलीच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दार, वहाणा आणि आक्का. एका तुकड्यात तर नुसतं आक्काचं तोंड होतं, काही न बोलणारं, वाट बघणारं.

आक्का मोठ्यानं हसली. “एवढं भूत केलं, एवढे केस सोडले, आणि तुम्हाला भ्या वाटलं ते माझ्या भाकरीच्या पाटीचं! वचक आहे घराला. असाच पाहिजे. नाहीतर एव्हाना विकून खाल्लं असतं गुऱ्हाळ.”

ते दोघंही हसले. आक्का जेवढं हसली तेवढंच, आणि ती थांबली तिथंच थांबले.

पानाची चव गेली होती. आक्कानं ते थुंकून टाकलं.

“राजीनं बघितलं का तिचं?”

“ती म्हणते, बनवणाऱ्यानं पट्टा लावून बघू नये,” मंगल म्हणाली.

असेल. पण राजीचं वेगळं, आक्कानं स्वतःला सांगितलं. बाकी सगळी भिऊन असतात, असू देत. राजी आपल्या कुशीत झोपून मोठी झाली. आपल्या ताटातलं उचलून खाल्लं तिनं. तिला काहिलीतली बाई दिसेल. नाहीतर अंधार दिसेल, साप दिसेल. लहानपणी सापाला फार भ्यायची. सापच दिसेल.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का बिनड्रायव्हरच्या बसमध्ये बसून तालुक्याला गेली. मोकळ्या सीटकडं बघून तिनं “सावकाश घे रे” असं सांगितलंसुद्धा.

कातरीची खोली कॉलेजच्या मागच्या इमारतीत होती. एक भिंत काचेची, बाहेर फरशीचा व्हरांडा. मिस्बा एकटीच होती.

“आक्का! या, बसा. राजी चहा आणायला गेलीय. किती बरं झालं तुम्ही आलात. आता तुम्हीच सांगा तिला.”

“काय सांगू?”

“पुण्याचं. आधीच पाठवलेला ट्रेलर बघून तिकडच्या सिनेमाच्या कॉलेजानं बोलावलंय ना तिला, शिकायला. तिकडंच राहायचं, तीन वर्षं. ती नुसती टाळतेय. या आठवड्यात हो-नाही कळवायचंय.” मिस्बा आक्काच्या तोंडाकडं बघून अडखळली. “ती बोलली असेल ना तुमच्याशी?”

“बोलली की,” आक्का म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण जमलं.

राजी दोन कप घेऊन दारातून वळली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. “आक्का? तू इथं?”

“का? माझ्या तोंडाचा सिनेमा, मी बघायचा नाही? ठेव ते कप. आणि पट्टा लाव.”

“आक्का, बनवणाऱ्यानं—”

“लाव.”

राजीनं कप ठेवले आणि पट्टा लावला. नको म्हणाली नाही, का विचारलं नाही. मिस्बानं तोंड उघडलं होतं, तेही मिटलं.

पडद्याच्या कडेला हिरवी रेघ उमटली. ती वर होती. ट्रेलर अजून सुरू व्हायचा होता. पडदा काळा होता, आणि रेघ सरळ वर जाऊन तिथंच थरथरत होती.

“पट्टा बिघडला वाटतं,” मिस्बा पुटपुटली. “अजून काही दाखवलंच नाही.”

पट्टा बिघडला आहे की नाही हे तपासायचं कसं, ते आक्काला कुणी शिकवलं नव्हतं. पण तिनं उभा जन्म काहिलीपुढं काढला होता. रस उतू जायला लागला की नुसतं बघत बसायचं नाही. खालचा जाळ ओढायचा. उकळी बसली तर समजायचं, जाळच जास्त होता.

ती उठली. “मी जरा वाऱ्याला उभी राहते,” म्हणाली आणि दार ओढून बाहेर गेली. भिंतीला टेकून, काही न हलवता, काचेतून आत राजीच्या पाठीकडं बघत राहिली.

रेघ खाली आली. सावकाश, उकळी बसावी तशी. राजीचे खांदे खाली आले. तिनं मिस्बाला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. काचेमुळं शब्द कळले नाहीत, पण हसल्या.

आक्कानं पाय बदलला. फरशीवर कर्र झालं.

रेघ टाणकन वर गेली. राजीचे खांदेही.

 आक्कानं खाली वाकून वहाणा काढल्या आणि पिशवीत घातल्या. बसथांब्यापर्यंतचं डांबर तापलेलं होतं. पाय पोळत होते, पण तिला हलकं वाटत होतं. बरं झालं, सापडलं. ह्या वहाणाच. एवढंच होतं तर आधी सांगायचं नाही का पोरीनं! चामड्याच्या तुकड्यासाठी कुणी आपल्या आजीला भितं? काढून टाकल्या. झालं. पुण्याला जायचं असेल तर जाईल, मी काय तिला बांधून ठेवणार आहे?

चालताना ती मनात ठरवत होती, घरी गेल्यावर काय बोलायचं. ‘राजे, तुझी पिशवी मी भरून देणार.’ असं काहीतरी. हसत बोलायचं.

मधली बस चुकली म्हणून घरी पोचायला तिला दुपार टळली. राजी मैत्रिणीच्या गाडीवरून आधीच आली होती. फाटक उघडं होतं. आक्का अनवाणी अंगणातून गेली, ओट्यावर चढली, माजघर ओलांडलं. आणि स्वयंपाकघरातून तिला एक आवाज ऐकू आला. तो ओळखायला तिला वेळ लागला. मंगल हसत होती. पोटापासून, श्वास लागेपर्यंत. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला असं हसताना आक्कानं ऐकलं नव्हतं. मध्येच उत्तमचं खो-खो. आणि राजी घोगरा आवाज काढून म्हणत होती, “‘ठेव ते कप. पट्टा लाव!’ आणि मिस्बाचं तोंड असं!”

आपली नक्कल चाललीय हे आक्काला कळलं. राग यायला हवा होता. आला नाही. पोरगी हुबेहूब करत होती, आणि ते हसणं इतकं उबदार होतं की आक्का दाराशी उभी राहून स्वतःच हसली. हे आपल्या घरात असतं? रोज असतं? फाटकापासून करकरत येणाऱ्या बाईला ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

तिला त्यात बसायचं होतं. ती दारात आली.

“मग पुढं काय झालं गं?”

मंगलच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. उकळतं दूध तिच्या पायावर गेलं, आणि तरी ती ओरडली नाही, पदर सावरायला लागली. उत्तम पाटावरून उठताना भिंतीवर आपटला. आणि राजी. राजीचं असं तोंड आक्कानं त्याआधी एकदाच बघितलं होतं, गुऱ्हाळात, काहिलीतल्या बाईच्या हातात सापडलेल्या पोरीचं काम करताना. तेव्हा आक्का म्हणाली होती, एवढं कोण घाबरतं का, खोटं वाटतं.

तिघांच्या मनगटावरचे पट्टे एकदम वाजायला लागले. लगेच डॉक्टरचा फोन आला. “उत्तमराव, घरात काही अपघात झालाय का? तिघांच्याही नाड्या एकदम वर गेल्यात. कुणी शिरलंय का घरात?”

“नाही डॉक्टर,” उत्तम म्हणाला. “आक्का आलीय.”

त्या दिवसानंतर आक्का घरात अनवाणीच वावरली. तिला वाटलं, होईल सवय. सवय झाली, पण निराळीच. मंगल भाकरी थापताना दर घटकेला मागं वळून दार बघायची. उत्तम फोनवर बोलताना भिंतीला पाठ लावून उभा राहायला लागला. हसणं तर बंदच झालं. आधी फाटकापासून ओट्यापर्यंतचा वेळ तरी त्यांचा होता. आता कुठलाच नव्हता. बाई माडीवर आहे, गोठ्यात आहे, की आपल्या पाठीशी उभी आहे, कळायला मार्ग नाही. डॉक्टरनं मंगलला गोळ्या सुरू केल्या. तिचा पट्टा आता जेवतानाही वाजायचा. राजी पुण्याचं एक अक्षर बोलली नाही, आणि पुण्याला कळवायचा दिवस उद्यावर आला.

संध्याकाळी आक्का गोठ्यात म्हशीजवळ बसली होती. म्हशीच्या गळ्यातला पट्टा शांत होता. एवढ्या घरात तेवढा एकच. आणि तेव्हा तिला मिस्बाचं बोलणं आठवलं. आवाज थांबला की कळत नाही. मग माणूस मागं वळून बघतो.

म्हणजे खुळी ती पोर नव्हती.

पिशवी खुंटीवरच होती. आक्कानं वहाणा काढल्या, धूळ पुसली, पायात चढवल्या. गोठ्याच्या मागच्या वाटेनं फाटकाबाहेर गेली, आणि मग फाटक मुद्दाम वाजवून आत आली.

कर्र.

स्वयंपाकघरात काहीतरी चाललेलं बोलणं थांबलं.

तिनं पुढचं पाऊल लगेच टाकलं नाही. त्यांना वेळ दिला. पदर सारखा करायला, पाय खाली घ्यायला, तोंडावरचं पुसायला. मग कर्र. मग पुन्हा थोडं थांबून कर्र. एवढं सावकाश ती आपल्या अंगणातून कधी चालली नव्हती. पातेलं पडलं नाही. कुणाचा पट्टा वाजला नाही. तिघं आपापल्या जागी नीट झाली असणार, तिला दिसल्यासारखं कळलं.

ओट्याच्या पायरीशी ती थांबली. वर गेली नाही.

“राजे,” तिनं अंगणातूनच हाक मारली. आवाज मऊ करायचा होता, पण तिच्या गळ्याला एकच आवाज ठाऊक होता. “तुला पुण्याला जायचंय ते मला माहीत आहे. जा. शिक.”

आत पाट सरकल्याचा आवाज आला. मग राजी दारात आली. हात पुढं धरलेले, नजर आक्काच्या वहाणांवर.

“होय, आक्का. जाते.”

लगेच आलं उत्तर. ‘पट्टा लाव’ म्हटल्यावर जेवढ्या लगेच तिनं लावला होता, तेवढ्याच लगेच.

पोरीला आनंद झाला, की आजीनं घराबाहेर काढलं असं वाटलं? आक्का तिच्या तोंडाकडं बघत राहिली. तोंड नीट होतं. या घरातली सगळी तोंडं तिच्यापुढं कायम नीट असायची. त्याखालची रेघ कुठं आहे, ते सांगणारा पट्टा राजीच्या मनगटावर होता, पण तो राजीनं दुसऱ्या हातानं घट्ट झाकून धरला होता.

“मनापासून म्हणतेस ना?” आक्कानं विचारलं.

“होय, आक्का.”

आक्कानं मान हलवली आणि ती माघारी वळली. गोठ्यापर्यंत कर्र कर्र वाजत गेली, दोन्ही टाचांवर भार देऊन, मोठ्यानं, म्हणजे घरातल्यांना कळावं की ती लांब चाललीय.